गावची पांढर पाहायला चला
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)

शंभर वर्षं एक दिंडी मोडू दिली नाही, ही साधी गोष्ट नव्हे. विणेकरी बदलले, चोपदार बदलले, सामानाची बैलगाडी जाऊन ट्रक आला, वाटेवरची निम्मी गावं कल्याण-डोंबिवलीच्या पोटात गेली. तरी माणसं ठरल्या तिथीला ठरल्या जागी उभी राहतात. मी कीर्तनकार नाही. शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर या भागातले जुने दगड बघत फिरतो, एवढीच माझी ओळख. दिंडीच्या महाराजांनी मला सांगितलं, "मास्तर, तुम्ही त्या दगडांचंच बोला." म्हणून उभा आहे.

माझ्याजवळ एक निमंत्रण आहे, ते आधीच देऊन टाकतो, म्हणजे नंतर कुणाला डुलकी लागली तरी हरकत नाही. येत्या कार्तिकीला आळंदीहून परत आलो, भात झोडून झालं, शिवार मोकळं झालं, की आपण सगळ्यांनी मिळून आपापल्या गावांची पाहणी करायची. जुने कोरीव दगड, शेतात सापडणारी खापरं, बुजलेल्या विहिरी, देवळाच्या मागे पडलेले खांब, हे सगळं बघायचं आणि लिहून काढायचं. त्यातून पुढे कुठे जाणत्या माणसांनी परवानगी काढून उत्खनन केलं, तर तिथेही आपण हातभार लावायचा. हे काम गावाशिवाय होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, टाळकऱ्याला खापराशी काय देणंघेणं? सांगतो.

पंढरीला गेलेला कोण असा आहे ज्याने चौऱ्यांशीच्या शिळेला पाठ लावली नाही? चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून पिढ्यान् पिढ्या आपण त्या शिळेवर पाठ घासत आलो. त्या दगडावर लिहिलंय काय? शके 1195 ते 1199 या काळात विठ्ठलाच्या देवळाला कुणी काय दिलं, त्याची ती यादी आहे. रामदेवराव यादवाचं नाव त्यात आहे, हेमाडपंडिताचं आहे, आणि त्यांच्या जोडीला कितीतरी भक्तांची नावं आहेत. आपल्या देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते ना, अमुक अमुक यांजकडून रुपये एक हजार एक, तीच पाटी, साडेसातशे वर्षांपूर्वीची. ज्ञानोबा माउली जन्माला आले त्याच सुमाराची. ती वाचली गेली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे, की विठ्ठलाच्या दारी तेव्हाही राजा आणि रयत एकाच यादीत बसत होते. पाठ घासा, त्याला माझी ना नाही. पण अक्षरं पुसायच्या आधी कुणीतरी ती उतरवून घेतली, हे आपलं भाग्य.

दुसरं ठिकाण नेवासं. पैस खांबापुढे डोकं टेकवताना खांबावरची कोरीव अक्षरं पाहिलीत का? तो एका दानाचा लेख आहे. देवाचा दिवा अखंड तेवत राहावा म्हणून तेलासाठी दर महिन्याला द्यायच्या रकमेचा. म्हणजे माउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, तो खांब मुळात दिव्याच्या तेलाची पावती आहे. मला तर यात फार गोडवा वाटतो.

त्याच नेवाशात, प्रवरेच्या काठी, लाडमोड नावाचं एक टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया यांनी 1954 ते 56 आणि पुन्हा 1959 ते 61 या काळात तिथे उत्खनन केलं. थराखाली थर निघत गेले. वर मराठे आणि मुसलमानी अमदानीचा थर, त्याखाली सातवाहनांचा, त्यात समुद्रापलीकडून, रोमच्या बाजूने आलेल्या उंच घागरींची खापरं. त्याखाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती. त्या वस्तीतले लोक लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. लेकरू घरातून लांब जायला नको म्हणून असेल. एका मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी मिळाले, आणि ज्या धाग्यात ते ओवले होते त्याचा अंशही तांब्याच्या गंजाला चिकटून टिकलेला होता. कुणा आईने ओवलेली माळ. नेवासं माउलींमुळे आपल्याला पवित्र आहेच. पण माउली तिथे आले तेव्हा त्या मातीत आधीची किती घरं, किती लेकरं निजलेली होती, हे खणल्याशिवाय कळलं नसतं.

जुनी माणसं शेताला काळी म्हणत आणि वस्तीच्या जागेला पांढरी. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती एकावर एक पडून वस्तीची माती वेगळी होते. पुरातत्त्ववाले शोधतात ती हीच पांढर. नांगर घातल्यावर ज्या तुकड्यात माती भुरकट लागते, खापरं वर येतात, तिथे कधीतरी गाव होतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. नांगर तुम्ही धरलाय.

आता आपल्या भागाकडे येतो. ठाणं म्हणजे जुनं श्रीस्थानक, शिलाहार राजांची राजधानी. कल्याण तर त्याहून जुनं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे लोक आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या बंदरांच्या माहितीतही कल्याणचं नाव आहे. इथून माल निघायचा तो नाणेघाट चढून जुन्नरला, तिथून पैठणला. आपल्यातल्या ज्यांचे पाय वारीत घाटात भरून येतात त्यांनी त्या बैलांची आठवण काढावी.

1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणत होते. आज जिथे कारागृह आहे तोच किल्ला. मजुरांना मातीत ताम्रपट लागला. शिलाहार राजा अरिकेसरी याचा, शके 939 चा, दानाचा ताम्रपट. त्याचं भाषांतर लगेच पुढल्या वर्षी कलकत्त्यात छापून निघालं. ज्या मजुरांच्या कुदळीला तो लागला त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. मला ते नेहमी खटकतं.

अंबरनाथचं शिवमंदिर सगळ्यांनी पाहिलंय. पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं आपण मुलांना सांगतो. देवळावरचा लेख मात्र शके 982 सांगतो, म्हणजे इ. स. 1060. एका रात्रीचं काम नव्हे ते. पाथरवटांच्या पिढ्या राबल्या असतील. पांडवांना श्रेय दिल्याने पांडवांचं काही वाढत नाही, आपल्या कारागिरांचं मात्र जातं.

कल्याणजवळ लोनाडला जुनं देऊळ आहे, लेणं आहे, आणि शेजारी चौधरपाड्याला शिलाहार केशिदेवाचा शके 1161 चा दानलेख मिळाला. अशा दानाच्या शिळांचा आपल्या मुलखात एक खास प्रकार आहे, गधेगळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं. मध्ये लेख: कुणी, कुणाला, कुठली जमीन दिली. काही दगडांवर लेख नसतोही. आणि खाली एक चित्र असतं, ते काय आहे हे या सभेत, आया-बहिणींसमोर मी उलगडून सांगणार नाही. एवढंच म्हणतो की ती शिवी आहे. जो कुणी ही दिलेली जमीन हिरावून घेईल त्याला घातलेली. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावी म्हणून चित्रात घातलेली. थोडक्यात, हा दगडी सातबारा आहे, खाली राजाच्या सहीऐवजी शाप.

आपल्याकडे गधेगळाचं काय होतं? काही गावांत त्याला शेंदूर फासून देवी म्हणून पुजतात. ते एका परीने बरं, दगड तरी जागेवर राहतो. काही ठिकाणी अपशकुनी म्हणून उचलून खाडीत टाकतात. आणि काही दिवटे असे निघतात की या खुणेखाली गुप्तधन आहे म्हणून अमावस्येला कुदळी घेऊन जातात. त्यांना मिळतं काय? खड्डा. आणि दगड पडून त्याचे दोन तुकडे होतात. माळकऱ्याने अशा उद्योगाच्या वाऱ्याला उभं राहू नये, हे मला सांगायला नको.

गावाची आठवण किती कामाची असते, ते सोपाऱ्याला दिसलं. सोपारा वसई तालुक्यात, 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या एका मातीच्या उंचवट्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. त्या नावाचा माग धरून पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली तो खणला. आत निघाला बौद्ध स्तूप. मधोमध दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची, अगदी आत सोन्याची. भोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. त्याच साली सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला, आणि दुसरा एक तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावात. लोकांना स्तूप माहीत नव्हता, राजाचं नावही बहुधा बदललेलं होतं. पण इथे काहीतरी आहे, हे त्यांनी विसरू दिलं नव्हतं.

आपल्या गावांना अशी किती नावं आहेत! वाडा नसलेलं वाडं, तळं नसलेली तळ्याची पट्टी, देऊळ नसताना देवळाचं शेत. ही नावं आजी-आजोबांच्या तोंडात आहेत. सातबारावर बरीचशी नाहीत. इमारतींची नावं तर आता सगळी इंग्रजीच. आजी गेली की नाव गेलं.

म्हणून घाई आहे. तुम्ही बघताय, कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय चाललंय. जिथे परवा भाताचं खाचर होतं तिथे आज तळघराचा तीस-चाळीस फूट खड्डा. जेसीबीचा दात एका फटक्यात हजार वर्षांचा थर उचलतो आणि डंपर तो भरावासाठी दुसरीकडे नेऊन ओततो. त्या मातीत काय होतं हे ड्रायव्हरला कळत नाही आणि कळण्याएवढी फुरसतही त्याला कुणी देत नाही. मी घरं बांधू नका म्हणत नाही. आपल्याच मुलांना घरं हवीत. पण खड्डा पडायच्या आधी त्या जमिनीवरून एकदा चालून तर बघूया.

आणि आता थोडं कडू बोलतो, महाराजांनी माफ करावं. जेसीबीइतकंच नुकसान आपण भक्तीने केलंय. गावात जीर्णोद्धार ठरतो, वर्गणी जमते, जुनं देऊळ पाडलं जातं. एका गावी मी स्वतः पाहिलं, कोरलेले खांब आणि कमळाच्या नक्षीचे छताचे दगड नव्या ओट्याच्या भरावात घातलेले. वर चकचकीत फरशी. गावकऱ्यांची भावना शंभर नंबरी होती, देवाला चांगलं घर द्यायचं होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, म्हणूनच कुणी थांबवलं नाही. भंगलेली मूर्ती पुजू नये म्हणतात, ठीक. पण ती खाडीत सोडायच्या आधी तिचा फोटो काढा, मोजमाप घ्या, तहसीलदारांना कळवा. संग्रहालयात ती राहू शकते. पंढरपुरात 2024 मध्ये विठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचं काम चालू असताना फरशीखाली तळघर लागलं आणि त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. पुरातत्त्व विभागाची माणसं कामावर हजर होती म्हणून सगळ्याची नोंद झाली. तेच एखाद्या आडगावी, घाईच्या ठेकेदाराच्या हाती झालं असतं तर?

तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. पारावर चार जणांनी तो बोलूनही दाखवला. "मास्तर, शेतात काही जुनं निघालं आणि तुम्ही लिहून घेतलं, तर सरकार जमीन घेईल. मग बांधकाम बंद." जमिनीवरून या पट्ट्यातल्या माणसांनी इतकं सोसलंय की ही भीती खोटी म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. कायदा काय आहे ते तेवढं सांगतो. शेतात खापरं मिळाली, बांधावर कोरीव दगड मिळाला, एवढ्याने जमीन जात नाही. एखादी जागा केंद्राने संरक्षित करायची तर 1958 च्या कायद्याप्रमाणे आधी राजपत्रात सूचना काढावी लागते, तिची प्रत जागेवर लावावी लागते, आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. संरक्षित झालेल्या स्मारकाभोवती मात्र शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने, हे खरं आहे. अंबरनाथकरांना ते माहीत आहे. राज्याचा कायदा वेगळा आहे. म्हणून पाहणीला जाताना ज्याचं शेत त्याला आधी विचारायचं. तो नाही म्हणाला तर राम कृष्ण हरी म्हणून पुढच्या बांधावर जायचं. जबरदस्ती नाही, चोरूनही नाही.

धनाचंही सांगून टाकतो. जमिनीत पुरलेलं द्रव्य सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1878 चा इंग्रजी कायदा, अजून चालू आहे. हो, दहाच रुपये. तेव्हा दहा रुपयांना वजन होतं. लपवलं तर शिक्षा आहे.

आणि आपण खणायचं नाही. हे लक्षात ठेवा, पोरांना विशेष सांगा. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, ती विद्यापीठाला किंवा खात्याला मिळते. पोथीचं पान सुटं होऊन वाऱ्यावर गेलं, तर ते कोणत्या अध्यायाचं हे सांगता येत नाही. वस्तू आपल्या थरातून उपटली की तिचं तसंच होतं. परवानगीचं उत्खनन बघाल तर चकित व्हाल, इतकं सावकाश चालतं. दोऱ्या लावून आखलेला चौकोन, हातात खुरपं आणि ब्रश, एका वेळी चार बोटं माती. निघालेली माती चाळणीतून जाते. खापरं धुऊन, वाळवून, प्रत्येकावर आकडा घालायचा. तांदूळ निवडणाऱ्या हातांना हे काम किती सहज येईल! मला तर वाटतं आपल्या माउलींपुढे कॉलेजची मुलं टिकायची नाहीत.

पाहणीला मात्र खणावं लागत नाही, चालावं लागतं. आणि चालण्यात तुमचा हात, म्हणजे पाय, कोण धरणार? दिंडीत आपण एकामागे एक रांगा धरतो. इथे रांग आडवी करायची. शेताच्या एका बांधावर दहा जणांनी पाच-पाच पावलांच्या अंतराने उभं राहायचं आणि सगळ्यांनी एका चालीने, नजर जमिनीवर ठेवून समोरच्या बांधापर्यंत जायचं. कुणी पुढे पळायचं नाही, कुणी मागे रेंगाळायचं नाही. चोपदाराचा शब्द पाळायची सवय तुम्हाला आहेच. जिथे खापर दिसेल तिथे थांबायचं, हात वर करायचा. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवायची म्हणजे आकार कळतो. मग जागेची नोंद. साधी तांबडी खापरं सगळीकडे मिळतील. पण निळसर-हिरव्या, काचेसारख्या झिलईचा तुकडा दिसला तर जपा. तशी भांडी शिलाहारांच्या काळात इराणी आखाताकडून गलबतांनी येत. आपल्या खाडीकाठच्या शेतात तो मिळाला तर कुणाचं तरी गलबत इथे लागलं होतं, असा माग लागतो.

मुंबई-ठाण्याच्या साष्टी बेटावर 2015 पासून मुंबई विद्यापीठ आणि साठ्ये महाविद्यालयाच्या मंडळींनी अशीच गावोगाव फिरून पाहणी केली. इमारतींच्या गर्दीतही त्यांना गधेगळ मिळाले, वीरगळ मिळाले, देवळांचे अवशेष मिळाले. कुठे झाडाखाली, कुठे सोसायटीच्या आवारात. साष्टी हे नावच षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावं, यावरून आलं. ते नाव शिलाहारांच्या ताम्रपटात आहे. तिथे काँक्रीटमध्ये एवढं उरलं, तर आपल्या खाडीपलीकडच्या गावांत किती असेल?

तर आता कामाचं. आळंदीहून परतल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आपल्या दिंडीच्या मठात जमायचं. सुरुवात इथल्याच गावदेवीच्या पारापासून करू, मग वेशीवरचा वीर, मग ज्यांनी हो म्हटलंय त्यांची शेतं. डोक्याला टोपी किंवा पदर, पाण्याची बाटली, पायात चप्पल नको, बूट. भाताचे कापलेले बुडखे टोचतात आणि जनावराचंही भय असतं. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्या आजी-आजोबांनी मठातच बसायचं; दोन मुली वही घेऊन त्यांच्याजवळ बसतील आणि शेताशेताचं, पाणवठ्याचं, पडक्या देवळाचं जुनं नाव विचारून लिहून घेतील. घरी कुणाकडे जुनी सनद, मोडीतला कागद असेल तर आणा. कागद तुमचाच राहील, आम्ही फक्त फोटो घेऊ. सापडलेली वस्तू खिशात घालून कुणी घरी न्यायची नाही. वहीच्या तीन प्रती होतील: एक मठात, एक गावच्या शाळेत, एक पुरातत्त्व खात्याला.

त्या ठाण्याच्या किल्ल्यातल्या मजुरांची नावं राहिली, असं मघाशी म्हणालो. आपल्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे ती वस्तू कुणाला दिसली त्याचं नाव आणि गाव लिहायचं, असं मी ठरवलंय. नावं आजपासूनच घेतोय. महाप्रसादाच्या पंगतीनंतर मी मंडपाच्या डाव्या खांबाशी वही घेऊन बसेन.

राम कृष्ण हरी!